तुम्ही हसत वाचलंत

तेजलनं वाचलेलं पुस्तक ॲपवर येऊन बारा दिवस झाले होते, आणि बारा दिवस तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. चाकणच्या माळावर कारखाने कसे आले याची ती खरी हकिकत. लिहिलेली एका निवृत्त प्राध्यापकांनी, आवाज तिचा. दिघीतल्या घरात कुकर लावताना, कपडे वाळत घालताना ती सारखी श्रोत्यांची मतं उघडून बघायची. ‘उच्चार स्वच्छ.’ ‘माहिती चांगली, आकडे फार.’ ‘कंपनीच्या बसमध्ये तीन दिवसांत संपवलं.’

मग कुणा मोनिकानं एकच तारा दिला आणि लिहिलं, ‘मॅडम, आमची विहीर बुजवली ते तुम्ही हसत वाचलंत. सासूबाईंनी मोबाइल बंद करायला लावला.’

तेजलला ती जागा पाठ होती. ‘विहीर बुजवली त्या दिवशी गावात पेढे वाटले गेले.’ रेकॉर्डिंग करणारा जयदीप काचेपलीकडून म्हणाला होता, “इथं जरा हसू येऊ दे.” तिनं आणलं होतं.

‘लिहिलं होतं तेच वाचलं,’ असं उत्तर तिनं टाइप केलं. पुसलं. परत केलं, परत पुसलं. शेवटी विचारलं, ‘सासूबाईंना भेटायला येऊ का?’

मोनिकानं पत्ता आणि नंबर पाठवला. रविवारी तेजल स्कूटीवर चाकणकडे निघाली. आळंदीपुढे कंटेनरच्या रांगेत अडकली, तेव्हा दोनदा वाटलं, मागं फिरावं. मोनिकानं दारातच ओळख करून दिली, “आई, ह्या त्या वाचणाऱ्या.”

भागूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं. “तू व्हय? आवाजावनं थोराड वाटलीस.”

“आजी, पेढे वाटले होते ना?”

“वाटले की. सायबाच्या मानसांनी वाटले. देत्या हाताला न्हाई कसं म्हनायचं? घेतला. पन तोंडात न्हाई घातला कुनी. आमचं मालक पेढा मुठीत धरून सांजपतोर विहिरीपाशी हुबं. मूठ उघडली तर नुसता चिखल.” त्या थांबल्या. “आन तू हसतीस.”

“चुकलं माझं,” एवढंच तेजल म्हणाली.

सोमवारी तिनं जयदीपच्या मागे लागून तो परिच्छेद पुन्हा वाचला, या वेळी सपाट आवाजात. नवा भाग ॲपवर आला तसा तिनं मोनिकाला फोन केला. पलीकडून तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, तिथं नवा भाग लावला होता. मग भागूबाई म्हणाल्या, “हसू गेलं, ते बरं झालं. पन गोष्ट अर्धीच हाय, पोरी.”

ते खरंच होतं, आणि त्यावर तिच्या आवाजाचा इलाज नव्हता. दिवसभर घरात येरझाऱ्या घालून संध्याकाळी तिनं प्राध्यापकांना फोन लावला. मुठीतल्या पेढ्याचं सगळं सांगितलं.

“मी कागदपत्रं पाहिली होती,” ते म्हणाले. “वर्तमानपत्रात फोटोही होता पेढ्यांचा.”

“फोटोतल्या कुणाशी बोलला होतात, सर?”

पलीकडून वही उघडल्याचा आवाज आला.

“त्या आजींचा नंबर द्या,” प्राध्यापक म्हणाले. “आणि ऐका, पहिल्यांदा जाताना तुम्ही बरोबर याल का?”