खिडकीमागची खिडकी

कामाच्या वेळेत बाबांचा फोन आला की ठकूला पुढचं वाक्य पाठ असायचं. "ठकू, गेली गं."

गेली म्हणजे खिडकी, संगणकाच्या पडद्यावरची. ठकू एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतले संगणक सांभाळायची. चाळिशी उलटली, हाताखाली माणसं आली, तरी बाबांची ती ठकूच. ती फोन घेऊन दाराबाहेर जायची आणि दबक्या आवाजात म्हणायची, "मागे असेल, बाबा. दुसऱ्या खिडकीच्या मागे. वरची जरा बाजूला करून बघा."

"करतो. हं, सापडली."

आणि तासाभरात ती पुन्हा गेलेली असायची.

हे दुखणं तिनंच विकत घेतलं होतं, तेही फुकटात. बाबांचा संगणक म्हातारा झाला होता, तो चालवणारी विकतची प्रणाली त्याला पेलवेना. नवा घ्यायचं नाव काढलं की बाबा म्हणायचे, "चालतोय की." मग एका रविवारी ठकूनं त्या प्रणालीच्या जागी लिनक्स घातलं. फुकट, हलकं आणि तिच्या मते जगातल्या निम्म्या आजारांवरचं औषध. तिचा नवरा म्हणायचा, "हिला सर्दी झाली तर ही नाकातसुद्धा लिनक्स घालेल."

आता त्या खिडक्या पडद्यावर मांडायला एक वेगळा प्रोग्राम लागतो, विंडो मॅनेजर. ठकू त्याला मुकादम म्हणायची. कोणती खिडकी कुठं उघडायची, केवढी करायची, कोणी कोणाच्या पुढं उभं राहायचं, हे तो ठरवतो. विकतच्या प्रणालीत मुकादम ठरलेला असतो, त्याच्याशी जमवून घ्यायचं. लिनक्समध्ये तो आपला आपण निवडायचा. आणि निवडायला एक का दोन? डझनांनी पडलेत. प्रत्येकाचे भक्त वेगळे, आणि त्यांची भांडणं अशी की भाऊबंदकी बरी.

बाबांना यातलं काही नको होतं. त्यांना शब्दकोडं करायचं होतं. एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत त्यांचं कोडं ठकूच्या जन्माआधीपासून येत होतं. आई होती तोवर आदल्या आठवड्यात ती ते सोडवून बघायची, आणि चूक सापडली की दिवसभर बाबांना सोडायची नाही. आई गेली आणि बाबांनी एकेक करून सगळं टाकलं. फिरायला जाणं टाकलं, पत्ते टाकले, लग्नकार्याला जाणं टाकलं. कोडं तेवढं टाकलं नाही. तेही गेलं तर या माणसानं सकाळी उठायचं कशासाठी, हे ठकू स्वतःलासुद्धा विचारत नव्हती.

आणि नेमका पुरवणीच्या संपादकबाईंचा फोन आला, बाबांना नाही, ठकूला.

"सरांना मी कशी बोलू? त्यांचं कोडं सोडवत मी लहानाची मोठी झाले. पण हल्ली दर रविवारी चुकतंय हो. आडवे शब्द उभ्यांशी जुळत नाहीत. वाचक फोन करून करून डोकं खातात. आणखी एकदा असं झालं तर वरची मंडळी माझं ऐकणार नाहीत. तुम्हीच काय ते बघा."

ठकूनं जुने अंक काढून पाहिले. चुका खऱ्याच होत्या, आणि सगळ्या चौकटीच्या डाव्या अंगाला. तिचा निदान करण्यात हातखंडा. शब्दकोशाची खिडकी चौकटीवर चढत असणार, डावी बाजू झाकली जात असणार आणि बाबा आंधळेपणानं घरं भरत असणार. दोष मुकादमाचा.

तिनं तो मुकादम काढून दुसरा आणला. यात खाली पट्टी होती, उघडलेल्या प्रत्येक खिडकीचं नाव त्यात दिसायचं. "पट्टीत बघा ना, बाबा." बाबा म्हणाले, पट्टीत नाही. असं कसं नाही? तिनं घरी येऊन पाहिलं तर पट्टीच्या सुरुवातीलाच नाव होतं. मग तिसरा आणला. त्यात चौकट कायम सगळ्यांच्या वर राहील अशी सोय केली. तर आता बाबांचा शब्दकोश गेला. ठकू रोज संध्याकाळी कामावरून थेट तिकडं जायची, चहा करून त्यांच्या टेबलावर ठेवायची आणि बटणांशी झटापट करत बसायची. चहासुद्धा तसाच साय धरून पडायचा, आणि बाबा वर विचारायचे, "आज चहा नाही का गं?" तिच्या डोक्यात तिडीक जायची. एवढं करा, आणि वर हे.

"बाबा, तुम्हाला शिकायचंच नाहीये."

"शिकतोय की."

शेवटी एका दुपारी ती बाह्या सरसावूनच आली. आता फरशीवाला मुकादम. हा खिडक्या एकमेकींवर ठेवतच नाही, फरशा बसवाव्यात तशा शेजारी शेजारी बसवतो. एक उघडली तर अख्खा पडदा तिचा. दुसरी उघडली की दोघींत अर्धा अर्धा. भक्त लोक याला सर्वांत अवघड म्हणतात, कारण सगळा कारभार कळफलकावर. पण ठकूनं बाबांसाठी मोजकी बटणं ठरवून दिली आणि विजयी मुद्रेनं हात झटकले.

"आता हरवून दाखवा. यात मागे असं काही नाहीच. जेवढं उघडलंय तेवढं सगळं समोर."

बाबांनी विचारलं, "मागे काहीच नाही?"

"काहीच नाही."

त्यांनी चौकट उघडली, ती पडदाभर पसरली. मग शब्दकोशाचं बटण दाबलं. चौकट सरकून उजवीकडं गेली आणि डाव्या अर्ध्यात शब्दकोश आला, एकदम शिस्तीत.

"उघडला नाही," बाबा म्हणाले.

"उघडलाय."

"कुठं आहे?"

"बाबा, समोर आहे. तुमच्या नाकासमोर." तिचा आवाज चढला. "मुद्दाम करता का? माझा जीव अर्धा झालाय या खिडक्यांपायी. तिथं नोकरीत बोलणी खाते, इथं तुमच्या पाया पडते. आणि तुम्ही बघतसुद्धा नाही."

बाबा पडद्याकडंच बघत होते, अगदी मन लावून. ठकूनं ते पाहिलं आणि ओरडणं सोडून ती कळफलकाकडं वळली. तिनं एक बटण दाबून दोन्ही खिडक्यांची अदलाबदल केली. शब्दकोश उजवीकडं आला.

"हं, हा आला बघ," बाबा म्हणाले. "पण चौकट गेली."

तिनं पुन्हा अदलाबदल केली.

"आता चौकट आहे. शब्दकोश गेला."

तिनं पडद्याच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं. "बाबा, माझं बोट कुठं आहे?"

त्यांनी हळूच मान डावीकडं वळवली, बरीच वळवली, आणि बोट दिसल्यावर नजर खाली घातली. त्यांच्या डाव्या हाताशी, रोजच्याच जागी, चहाचा कप होता. साय धरलेला.

"कधीपासून?" ठकूनं विचारलं.

"मागे चक्कर आली होती ना, त्यानंतर."

"तुम्ही म्हणालात पित्त झालंय."

"मला पित्तच वाटलं गं. आणि काळंबिळं काही दिसत नाही, त्यामुळं कळत नाही. त्या बाजूला काही आहे असंच वाटत नाही. आधी वाटलं, तूच संगणकात काहीतरी बिघडवलंस."

"आणि मग?"

"मग तसं वाटेनासं झालं."

ठकूला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. बाबांचा आला, स्वतःचा त्याहून जास्त. इतके दिवस ती मुकादम बदलत बसली होती, जगातल्या कुठल्याही यंत्राचं दुखणं चुटकीसरशी ओळखणारी ही हुशार बाई. "मग मला फोन कशाला करत होता?" ती म्हणाली. "खिडकी मागे नाहीये हे ठाऊक होतं तर रोज विचारायचं कशाला?"

बाबांनी कळफलकावरून हात काढून मांडीवर ठेवले.

"तू म्हणायचीस, मागे असेल, बाबा. ते ऐकलं की बरं वाटायचं. खिडकी मागे असली तर माझ्यात काही बिघडलेलं नाही. तेवढं ऐकायला करायचो."

ठकूनं फोन उचलून डॉक्टरांना लावला. तिकडून सांगितलं, डोळ्याचं नाही, मेंदूचं असू शकतं, थांबू नका, असेच घेऊन या. ती चपला शोधू लागली तेव्हा बाबा अजून खुर्चीतच होते.

"कोडं द्यायचंय, ठकू. बाईंना शब्द दिलाय."

"परत येऊन करू. डावीकडचे रकाने मी वाचीन, तुम्ही शब्द सांगा."

"तू चुका काढत बसशील. आईवर गेलीयेस."

"काढीन."

बाबा उठले. दारात थांबून त्यांनी पडद्याकडं पाहिलं आणि विचारलं, "मग हा मुकादम राहू द्यायचा का काढायचा?"

"राहू दे," ठकू म्हणाली. जिना उतरताना रोज ती पुढं असायची. आज ती त्यांच्या डाव्या बाजूनं, हात धरून उतरली.