शिकागोहून आलेलं नाव

लढाया संपतात, फौजा मात्र भारी चिवट. अमेरिकेची पाचवी फौज इटलीच्या डोंगरांत रक्त सांडून पंचेचाळीस साली मोडली आणि पुढच्याच वर्षी शिकागोत पुन्हा उभी राहिली. या खेपेला तिच्याकडे टेबलं, फायली आणि नव्या पोरांची कवायत होती. खैरुद्दीनला हे कळलं दुबईत, १९६४ साली, कंपनीतल्या हॉकिन्स साहेबाकडून. साहेब त्याच फौजेत लढलेला.

खैरुद्दीन हर्णैचा, दुबईच्या देरा भागातल्या गोदामात स्टोअरकीपर. त्याचा थोरला भाऊ नूरुद्दीन इंग्रजांच्या हिंदी सैन्यात ट्रक हाकायचा. त्यांची डिव्हिजन इटलीत या अमेरिकी फौजेच्या हाताखाली दिली होती. चव्वेचाळीसच्या मार्चात कॅसिनोपाशी तो नाहीसा झाला आणि घरी तार आली, ‘बेपत्ता’. त्या एका शब्दाने घराचा घात केला. आई मरियमबीने वीस वर्षं त्याच्या नावाची फातेहा, मेलेल्यासाठीची दुआ, देऊ दिली नाही. “मेलेला कुणी पाहिलाय?” एवढंच ती विचारायची.

“साब, फौजेचं ऑफिस झालं, तर रेकॉर्ड पण असेल ना?” खैरुद्दीनने एकदा विचारलं.

“असणारच. माणूस मरतो, फाइल मरत नाही,” साहेब म्हणाला आणि त्याने स्वतः पत्र टाइप केलं.

उत्तराला चार महिने लागले. शिकागोने ते पत्र कुठकुठल्या दप्तरांतून फिरवलं, कोण जाणे. नूरुद्दीन नावाची नोंद नव्हती. पण त्याच आठवड्यात अमेरिकी फील्ड हॉस्पिटलात एक हिंदी ड्रायव्हर आणला होता. कागद जळालेले, गळ्यात बिल्ला नाही. नाव विचारल्यावर त्याने सांगितलं, हमदुल्ला. दुसऱ्या दिवशी तो वारला. हा हमदुल्ला कोण, याचा पत्ता पुढे कुणालाच लागला नाही.

“आमचा नाही, साब. आमच्या भावकीत हमदुल्ला कुणी नाही.”

“सॉरी, खैर.”

खैरुद्दीनने कागद खिशात कोंबला. वाईट तर वाटलंच, पण थोडं हायसंही वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची त्याला लाज वाटली.

खाडी ओलांडायला तो अब्र्यात, म्हणजे तिथल्या होडीत, बसला. नावाडी ओळखीचा. “कैफ हालक?” त्याने विचारलं. कसा आहेस?

“अलहमदुलिल्ला,” खैरुद्दीन सवयीने बोलून गेला. अर्धा शब्द इंजिनाच्या आवाजात बुडाला. उरलं ते त्याचं त्यालाच ऐकू आलं, हमदुल्ला.

त्याने खिशातला कागद बाहेर काढला. भाईला इंग्रजीचा ओ की ठो कळत नव्हता. खाटेवरच्या जखमी माणसावर कुणी वाकून काही विचारलं, तर दुसरं काय विचारणार? भाईने नेहमीचं उत्तर दिलं, अल्लाची मेहेरबानी, बरा आहे. आणि त्या गोऱ्याने तेच त्याचं नाव म्हणून लिहून घेतलं!

“यल्ला, चल, उतर,” नावाडी म्हणाला. खैरुद्दीन तसाच बसून ढसाढसा रडला.

शुक्रवारी नमाजानंतर त्याने आईला पत्र लिहिलं. काही लपवलं नाही. पुरावा नाही, हा माझा तर्क आहे. गोऱ्याने नाव विचारलं, भाईला ती विचारपूस वाटली असावी. मानायचं की नाही, ते तू ठरव.

आईचं उत्तर गावच्या मास्तरांच्या अक्षरात आलं. “तो माझाच. तापाने फणफणला तरी अलहमदुलिल्लाच म्हणायचा. फातेहा दिली, मोहल्ल्याला जेवू घातलं. वीस वर्षं वाटायचं, पोर बेवारशासारखं गेलं. आता कळलं, शेवटी कुणीतरी जवळ बसून ‘कसा आहेस’ म्हणून विचारलं. त्या माणसाला माझी दुवा पोचव.”

नाव विचारलं होतं, आई. नुसतं नाव. स्पष्ट लिहूनही म्हातारीने आपल्याला हवं तेवढंच ऐकलं होतं. खैरुद्दीनने दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलं, दोन ओळींवर थांबला आणि कागद फाडून टाकला. मग तो साहेबाच्या केबिनमध्ये गेला.

“साब, माझ्या आईने तुमच्या फौजेला दुवा पाठवलीय.”

“कशाबद्दल?” साहेबाने गोंधळून विचारलं.

“माझ्या भावाची विचारपूस केलीत, त्याबद्दल,” खैरुद्दीन म्हणाला.