तात्यांचे जुने कॅपॅसिटर

माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आलेलं माणूस मी मशीनच्या आधी तपासतो. "कालपर्यंत चालू होतं" म्हणणाऱ्यानं ते सहा महिन्यांपूर्वी पाडलेलं असतं. "किरकोळ काम हाय" म्हणणारा दोन ठिकाणी उघडून आलेला असतो. आणि बिघाड काय ते स्वतःच सांगणारा, तो सगळ्यात अवघड. गुंडूतात्या त्यातले.

तात्या माझे गुरू. सत्तावीस वर्षं त्यांनी शिवाजी पेठेतल्या मंडळांचे स्पीकर लावले. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढं उभं राहून आवाज जुळवायचा, पण कानात कापूस नाही. कुणी दिला तर म्हणायचे, "कापूस घालणारा मिस्त्री म्हंजे नाक दाबून आमटीची चव बघणारा आचारी." आम्ही हसायचो. कापूस मीही कधी घातला नाही.

जुलैत ते पिशवी घेऊन आले. पिशवीत हेडफोनचा आवाज वाढवणारा ट्यूब अँप, त्यांनीच हातानं बांधलेला. वर काचेच्या दोन ट्यूबा, खाली बिस्किटाच्या डब्याचा पत्रा.

"आकाराम, ह्यातलं आवाजाच्या वाटंवरचं दोन कॅपॅसिटर बदल. चांगलं भारीतलं घाल. जुनं झाल्यात, ट्रेबल खायला लागल्यात."

मी मान हलवली, पण मनात अडखळलो. तो कॅपॅसिटर म्हातारा झाला की बास, म्हणजे खालचा जाड आवाज, खातो; ट्रेबलला, वरच्या बारीक आवाजाला, हात लावत नाही. हे मला तात्यांनीच शिकवलेलं, तेही टपली मारून: "बास गेला तर कॅपॅसिटर बघ. ट्रेबल गेला तर वायर बघ, स्पीकर बघ. कायच घावलं न्हाय तर ऐकणाऱ्याचं कान बघ."

"तात्या, नेमकं काय ऐकू येईना?"

"काकीच्या बांगड्या."

मीनाकाकी, तात्यांची बायको, जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या आवाजाची एकच टेप आहे, चाळीस सेकंदांची, आता पेनड्राईव्हवर उतरवलेली. मंडळाचा नवा माईक तपासायला तात्यांनी तो एकदा घरी नेला आणि चुलीपुढं काकीच्या तोंडाशी धरला. "हॅलो, हॅलो... आता काय बोलू? भाकरी करपायल्या की वो!" एवढंच. बोलता बोलता ती हातातल्या बांगड्या मागं सारते, त्या वाजतात. तात्या ते रोज ऐकायचे.

मी कॅपॅसिटर बदलले. तात्यांनी हेडफोन लावला, डोळे मिटले, उघडले. "आवाज मोकळा झालाय. पर बांगड्या न्हाईत."

पंधरा दिवसांनी परत आले. "सप्लायचं कॅपॅसिटर बदल." बदलले. बांगड्या नाहीतच. ऑगस्टात तिसऱ्यांदा. "ट्यूबंच्या बुडातलं कॅपॅसिटर ऱ्हायल्यात, त्येच असणार." त्यांची लेक संयोगिता एकदा कानाच्या डॉक्टरकडं चला म्हणाली, तर आठ दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

खरं तर पहिल्या दिवशीच मी ते ऐकलं होतं. बांगड्या लख्ख वाजत होत्या. सांगायला हवं होतं. पण गुरूला त्याचाच धडा परत कसा शिकवायचा? मी आपला सोल्डरचे डाग देत राहिलो.

तिसरं काम झालं. तात्यांनी ऐकलं, हेडफोन काढला आणि माझ्यापुढं धरला.

"आता तू ऐक."

मी लावला. काकी बोलली, बांगड्या वाजल्या.

"न्हाय, तात्या. मलाबी न्हाय येत. मशीनच गंडलंय."

मी ऐकताना तात्या माझ्या डोळ्यांकडं बघत होते. मग हळू म्हणाले, "चाळीस सेकंद पाठ हायत मला. करपायल्या म्हणताना तुझी पापणी हलली की रं. तितंच वाजत्यात त्या."

मी हेडफोन उतरवला.

"परत लाव. वाजल्या की ठोक."

मी पेचकस उलटा धरला. तात्यांनी टेबलावर तळहात पसरला. काकी बोलायला लागली. ठक. ठक, ठक. मग जरा थांबून आणखी एकदा, ठक.

"शेवटची एकटी?"

"व्हय. वाईच उशिरा."

"ती लग्नातली पाटली," तात्या म्हणाले. "सैल व्हायची तिला. घट्ट करून आण म्हणायची, माझं ऱ्हाऊनच गेलं." तळहात तसाच होता. मग विचारलं, "जुनं कॅपॅसिटर टाकलंस का?"

"डबीत हायत."

"परत बसव. उगंच आळ घातला बिचाऱ्यांवर."

मी अँप पालथा केला. मी शिकायला गेलो त्या पहिल्या दिवसासारखंच त्यांनी विचारलं, "साठलेला करंट उतरवलास का?" उतरवला म्हटलं. नवे सगळे काढले, जुने बसवले. तात्या बॅटरीचा उजेड धरून उभे होते.

काम झाल्यावर त्यांनी ऐकून बघितलं नाही. अँप, हेडफोन, पेनड्राईव्ह, सगळं माझ्या फळीवर ठेवलं.

"हितंच ऱ्हाऊ दे. येत जाईन मी. तू ऐक, मी हात ठेवतो."

पिशवीची घडी घालून खिशात कोंबली आणि पायरी उतरले. उतरून मागं वळले.

"यंदा मिरवणुकीला भिंत तूच लावणार न्हवं?"

"व्हय, तात्या."

"कापूस घाल रं."