नाताळबाबाचा गेटपास

"अप्पा, आज रातच्याला बॉयलर बंद ठेवा." सात वर्षांच्या प्रगतीनं बापाच्या डब्याची पिशवीच धरून ठेवली.

गेणबा हसला. साखर कारखान्याचा बॉयलर ऐन डिसेंबरात बंद ठेवणं चेअरमनच्या बापालाही जमलं नसतं. उसाच्या गाड्यांची रांग पार माळेगावच्या वेशीपर्यंत गेली होती.

"का गं बाय?"

"नाताळबाबा येनार हाय. साळंतल्या मनिषाबाई म्हनल्या, रातच्याला चिमणीतनं उतरतो अन् पोरांना खाऊ ठिवतो."

झाली का पंचाईत! कॉलनीतल्या पत्र्याच्या घरांना कुठली आलीय चिमणी? पोरांना ठाऊक असलेली चिमणी एकच, कारखान्याची. चोवीस तास धूर ओकणारी, आणि तिच्या बुडाशी बॉयलरात उसाचा भुसा ढकलणारा गेणबा. बाई गोष्ट सांगून सुट्टीला पुण्याला गेल्या. निस्तरायचं मात्र यानं.

"त्यो दारानं यील," तिची आई सारजा चुलीपासून म्हणाली. "तुझा खाऊ कुठं जात न्हाय."

"मला नको खाऊ!" पोरीला रडू फुटलं. "म्हातारा जळंल की गं. अन् जाळ तर अप्पाच घालत्यात."

गेणबाचं हसू मावळलं. लेकीला धास्ती होती ती बापाच्या हातून पाप घडण्याची. तिला तसंच रडत टाकून पाळीवर जायचं त्याच्या जिवावर आलं. तो तिला आणि सारजाला घेऊनच गेटवर गेला.

वॉचमन आबाजी म्हणजे सख्ख्या जावयालाही पासाशिवाय आत न सोडणारा माणूस. गेणबानं सगळं सांगितलं, वर डोळाही मिचकावला. आबाजीच्या मिशीचा केसही हलला नाही.

"बिगरपासाचं? अन् वरनं? हितं चालायचं न्हाय." त्यानं पासाचं पुस्तक ओढलं. "पाव्हण्याचं गाव?"

प्रगती अडली. "लांबचं हाय," ती म्हणाली.

आबाजीनं लिहिलं: 'नाताळबाबा, राहणार लांब. चिमणी तापलेली आहे. प्रवेश फक्त गेटमधून.' खाली शिक्का हाणला आणि कागद गेटवर डकवला. शिक्का बघितल्यावर पोर शांत झाली आणि आईबरोबर घरी गेली. गेणबानं बाजारातून आणून पिशवीत लपवलेली रंगीत खडूंची पेटी हळूच आबाजीच्या टेबलाखाली सरकवली.

सकाळी आठला पाळी सुटली, तेव्हा प्रगती गेटवर उभी होती. पेटी काखेत, अजून न उघडलेली.

"अप्पा, त्यो गेटवरनंच गेला! आबाजीमामांनी वर चढूच दिलं न्हाय. जरा बी भाजला न्हाय!"

"सुटलो बाबा एकदाचा," गेणबा म्हणाला, आणि ते मनापासून होतं. खरं सांगायचं तर रात्री दोनदा बाहेर येऊन त्यानं स्वतःही वर बघितलं होतं.

प्रगतीनं त्याचा हात धरला. मनगटावरच्या काळ्या, सुरकुतलेल्या डागांपाशी तिची बोटं थांबली.

"अन् तुमी? तुमी तर भाजलाय की."

"जुनं हाय ते, बाय."

चौदा हंगामांत त्याला हे कोणी विचारलं नव्हतं. त्यानं बाही खाली ओढली. पोरीनं ती परत वर सारली आणि तिथंच, सगळी पाळी बाहेर पडत असताना, फुंकर घालू लागली.