वाणाची डबी लावलेला अँटेना

मित्रांनो, मी अमेरिकेतल्या कॅरी गावात एका घरामागे पाइनच्या झाडापासून कुंपणापर्यंत तिरका टांगलेला जुना तारेचा अँटेना आहे. वीस मीटर लांब, काळा आणि बारीक. शेजाऱ्यांना मी कपडे वाळत घालायची दोरी वाटतो. तशी दोरी या वसाहतीत चालत नाही, पण ते बिचारे कानाडोळा करतात.

मला शरयूने बनवलं. ती औषधांच्या कंपनीत काम करते आणि तिच्याकडे हौशी रेडिओचं लायसन्स आहे. आठ वर्षांपूर्वी डेकवर बसून तिने दोन तारा समांतर धरल्या, मध्ये पाइपचे तुकडे बसवले आणि टोकं जोडली. वरच्या तारेच्या मधोमध वीज अडवणारा रेझिस्टर लागतो. त्याला पावसापासून जपायला तिने संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून मिळालेली स्टीलची डबी घेतली. साधा अँटेना रेडिओलहरींच्या एकदोन पट्ट्यांवरच नीट बोलतो. मी या डबीच्या जोरावर सगळ्या पट्ट्यांवर बोलतो, कुठे बरा, कुठे जेमतेम. त्याबदल्यात ती बरीच ताकद गिळते आणि नुसती गरम होते. हे मी लपवत नाही.

शनिवारी सकाळी शरयू चाळीस मीटर लहरींच्या पट्ट्यावर राज्यभरातल्या हौशी मंडळींशी बोलायची. आवाज स्पष्ट आला असं कुणी म्हटलं की ती खिडकीतून माझ्याकडे बघून हसायची. मला ते आवडायचं.

तिचा नवरा रवींद्र सॉफ्टवेअरचा वेग वाढवण्याची नोकरी करतो. वाया जाणारं काहीही त्याला बघवत नाही. नळाला गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणीसुद्धा तो बादलीत धरतो. शरयू आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेली, तेव्हा त्याने मला खाली उतरवलं, डबी काढली आणि तार सरळ जोडून टाकली. मला परत वर टांगून त्याने त्याच चाळीस मीटरच्या पट्ट्यावर मोजणी केली, आकडे झकास आले. स्वारी खूश झाली. बाकीचे पट्टे त्याने तपासलेच नाहीत, आणि शरयूला सांगायचंही राहून गेलं.

ती परतली, शनिवारच्या गप्पा नीट चालल्या म्हणून डबी नसल्याचं तिच्या ध्यानात आलं नाही, आणि तिसऱ्याच आठवड्यात वादळ आलं. कॅरीत फक्त फांद्या पडल्या, पण पश्चिमेकडच्या डोंगरात रस्ते वाहून गेले आणि फोन बंद पडले. त्यांची मुलगी अबोली तिथल्याच कॉलेजात होती. दोन दिवस तिची काही खबर नव्हती. तिसऱ्या दिवशी शरयूला ऐंशी मीटरच्या पट्ट्यावर तिथल्या एका निवारा केंद्राचा आवाज सापडला. एक म्हातारे गृहस्थ यादी पाहून, विचारेल त्याला उत्तर देत होते. जनरेटरचं इंधन संपत आलंय, बारा वाजता रेडिओ बंद करणार, असं त्यांनी दोनदा सांगितलं. तेव्हा सव्वाअकरा वाजले होते.

शरयूने हाक दिली. त्यांना ती ऐकू गेली नाही. पुन्हा दिली. डबीवाचून त्या पट्ट्यावर माझं आणि रेडिओचं जमेना, म्हणून तो स्वतःला जपायला ताकद आवरून घेत होता. मला ऐकू येत होतं, पण बोलता येत नव्हतं. शरयूने खिडकीबाहेर पाहिलं.

"रवी, डबी कुठाय?"

"अगं, हाफ पॉवर वेस्ट होत होता. मी ऑप्टिमाइझ केलं," तो म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून हळूच म्हणाला, "ड्रॉवरमध्ये आहे."

रागवायला वेळ नव्हता. दोघांनी मला गवतावर उतरवलं. तिने सोल्डरिंग केलं, त्याने तार धरली. घाईत त्याच्याकडून तार हलली आणि तिला दोनदा सांधा पुन्हा करावा लागला. बाराला सात मिनिटं असताना मी वर गेलो.

या वेळी म्हाताऱ्यांनी लगेच ओ दिली. शरयूने नाव एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. ते थांबा म्हणाले. मित्रांनो, मी काही हळवा नाही. कुणाचे काय शब्द येतात नि जातात, त्याने माझी तार हलत नाही. पण त्या मिनिटात मला भीती वाटली.

"येस मॅम, शी इज हिअर. शी इज सर्व्हिंग लंच," ते म्हणाले. "शी सेज, टेल बाबा नॉट टू ड्राइव्ह अप."

रवींद्र जमिनीवर बसला आणि रडला. शरयूने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

रेडिओवर शरयूच्या मागे आणखी तिघं हाक देत होते. पहिल्याला उत्तर मिळालं. मग एक बाई आपल्या मुलाचं नाव सांगू लागली आणि बारा वाजले. तिने ते नाव पुढे चारदा सांगितलं. पलीकडे कुणी नव्हतं. रेडिओ बंद करावा हे शरयूला सुचेना, आणि रवींद्र मान खाली घालून ऐकत राहिला.

म्हणून मित्रांनो, माझे सांधे वर्षातून एकदा तपासा, दोरी कुजण्याआधी बदला. आणि एखादा भाग नुसता बसून खातोय असं वाटलं, तर तो काढण्याआधी ज्याने बसवला त्याला विचारा. आम्ही सव्वाअकराला बोललो असतो, तर त्या बाईची पाळी वेळेत आली असती.