न लावलेले टायरॉड

"आप्पा, आत जायच्या आधी मला एक सांगा." लेकीनं वॉर्डाच्या दारातच फिटरला अडवलं. "ते टायरॉड की काय, ते कुणी काढले होते?"

फिटरनं फळांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुझे सासरे काय म्हणतात?"

"त्यांनी साहेबांना सांगितलंय, गळती बघायला मीच काढले आणि लावायचे विसरलो. पण आप्पा, त्यांनी जन्मात कधी पान्याला हात लावलाय का? घरातला नळ गळला तरी तुम्हाला बोलावतात!"

फिटर तिच्या बाजूनं वाट काढून आत गेला.

तो आणि त्याचे व्याही एकाच कारखान्यात होते. हा पाइप जोडायचा, ते पंप चालवायचे. डबा एकत्र खाता खाताच सोयरीक जुळली होती. परवा त्यानं गरम पाण्याच्या पंपाजवळचा रबरी सांधा बदलला. पंपाची थरथर पाइपापर्यंत जाऊ नये म्हणून मध्ये बसवतात तो काळा, फुगीर सांधा. पाण्याचा दाब आला की रबर ताणायला बघतं. त्याला आवरून धरायला दोन्ही बाजूंच्या चकत्यांतून लोखंडी दांडे, म्हणजे टायरॉड, घालतात. नव्या चकतीची भोकं जुळेनात. घासून मोठी करायला हवी होती. पण सुट्टीचा भोंगा झाला, कंबर धरली होती, आणि टायरॉड न लावताच फिटर स्वतःशी म्हणाला, 'रबर कोरं आहे, सकाळी बघू.' 'पंप चालू करू नये' ही पाटीसुद्धा त्यानं लावली नाही. सकाळी तो यायच्या आत व्याह्यांनी नेहमीप्रमाणे बटण दाबलं. सांधा ताणला, फाटला आणि उकळतं पाणी त्यांच्या पायांवर आलं.

खाटेवर व्याही उशीला टेकून बसले होते. गुडघ्यांपासून खाली दोन्ही पाय बँडेजमध्ये.

"या व्याही, बसा. चहा घेतलात का?"

ते 'चहा घेतलात का' फिटरला थोबाडीत बसल्यासारखं लागलं. "असं का सांगितलंत साहेबांना?" त्यानं खालमानेनं विचारलं.

"हळू बोला. सूनबाई ऐकेल." व्याह्यांनी दाराकडे पाहिलं. "माझे पाय तर भाजलेच. आता तिच्या बापाची नोकरी घालवून काय त्यावर नवी कातडी येणार आहे? आणि माझ्या घरात तिनं मान खाली घालून वावरायचं? मला नाही चालायचं ते."

फिटरला शिव्या हव्या होत्या. सगळ्या वाटेनं त्यानं त्यांचीच तयारी केली होती.

उठून तो थेट कारखान्यात गेला. पंपघरात चारजण उभे होते. "म्हाताऱ्यानं नसता उद्योग केला," त्यातला एक म्हणत होता, "ज्याचं काम त्यानं करावं." फिटर तिथंच थांबला. "म्हाताऱ्यानं नाही, मी केला," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की त्याला पुन्हा सांगावं लागलं. मग साहेबांसमोर तिसऱ्यांदा. साहेबांनी ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." त्याचा पाना काढून घेतला गेला, त्याला भंगाराच्या आवारात बसवलं. नवे फिटर समोरून जाताना उगीच नमस्कार करायचे. तो मान वळवायचा.

लेकीला त्यानं स्वतःच सांगितलं. "सासऱ्यांनी मला कळू दिलं नसतं," ती एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली.

व्याही मात्र भडकले. "माझं खोटंही वाया घालवलंत! आयुष्यात एकदाच बोललो होतो हो!"

त्यांना घरी सोडायच्या दिवशी जावई कागदपत्रांच्या रांगेत होता, लेक औषधं आणायला गेली होती. व्याही खाटेच्या कडेला बसून जमिनीवरच्या चपला पायानं चाचपडत होते. वाकता येत नव्हतं. फिटर खाली बसला आणि त्यानं चप्पल हातात घेतली.

"अहो, हे काय करताय? लोक बघताहेत!" व्याह्यांनी पाय मागे ओढला, तशी ताजी कातडी ओढली जाऊन ते कळवळले.

"बघू देत."

मग व्याह्यांनी पाय पुढे केला. गुलाबी, चकचकीत कातडीला पट्टा लागू नये म्हणून फिटरनं तो हळूच सैल केला. एक चप्पल झाली, दुसरी झाली. उठण्यासाठी व्याह्यांनी त्याच्या खांद्यावर हात रोवला आणि सगळा भार टाकला. ते सरळ उभे राहीपर्यंत फिटर खालीच बसून राहिला.