मामाच्या हातची पट्टी

मैंदर्गीला मथुराबाईच्या माहेरी हाडं बसवायचं काम पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. आजा बसवायचा, बाप बसवायचा, आता धाकटा भाऊ हरिबा बसवतो. पैसा घेत नाही, नारळ घेतो. त्यामुळे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून येताना अमृत मोटारसायकलवरून पडला आणि उजवा हात कोपराखाली मोडला, तेव्हा मथुराबाईनं लेकाला सरळ भावाकडं नेलं.

अमृतची बायको पायल म्हणाली होती, "आत्याबाई, आधी फोटो तरी काढू हाडाचा."

"माज्या भावाच्या बोटांत फोटो हाय," मथुराबाई म्हणाली. "बैलांची पायं बसवलीत त्यानं. ह्यो तर माणसाचा हात."

हरिबानं हात ओढून हाड जागेवर घेतलं. अंड्याचा बलक काढून उरलेल्या पांढऱ्यात उडदाचं पीठ कालवून लेप दिला, चारी बाजूंनी बांबूच्या कामट्या लावल्या आणि वरून कापडाच्या पट्ट्या आवळल्या. लेप वाळला तसा दगडासारखा झाला.

"आता म्या येऊन सोडीस्तवर गाठीला हात लावायचा न्हाय," तो म्हणाला. "दुसऱ्यानं सोडली तर हाड जागा सोडतं. दुखलं तर दुखू दे. दुखतंय म्हंजी हाड धरतंय."

"मामा, बैलालाबी आसंच सांगता का?" अमृतनं विचारलं.

"बैल ऐकतोय. तुजा भरवसा न्हाय."

सगळे हसले.

शहरात शुक्रवार पेठेतल्या आपल्या खोलीवर परत आल्यावर दुखणं वाढायला लागलं. मोडल्या जागी दुखावं तसं ते नव्हतं. आतून कोणी हात फुगवतंय आणि बाहेरून कोणी दाबतंय, असं अमृत सांगत होता. गोळ्यांचा उपयोग झाला नाही. सकाळी पट्टीबाहेरची बोटं सुजून चकचकीत झाली होती. हातात पेला द्यावा म्हणून पायलनं त्याची बोटं जरा सरळ केली, तसा तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की शेजारची माणसं दारात आली.

पायलनं कात्री आणली. मथुराबाईनं तिचं मनगट धरलं.

"खबरदार. उद्या हात वाकडा झाला तर नवऱ्याला काय त्वांड दावशील?"

"वाकडा होऊ दे. तो वरडतोय कसा, ऐका की!"

"तुज्या माहेरी कुणी हाड बसवलंय का कदी?"

शेवटी हरिबाला फोन लावला. "अक्का, मनगटाला नाडी बघ," तो म्हणाला. मथुराबाईनं बोटं टेकवली. नाडी उडत होती. "मग रक्त जातंय की. भिऊ नगंस."

कात्री फळीवर गेली.

दुपारी अमृतचं ओरडणं कमी झालं. मथुराबाईनं देवापुढं हात जोडले. "बग, उतरलं."

पायल त्याच्या उशाशी बसली. त्याचे डोळे मिटलेले होते. तिनं त्याची करंगळी चिमटीत धरून दाबली, मग नख रुतवलं.

"कुठलं बोट धरलंय सांगा."

"धरलंयस व्हय?" अमृत म्हणाला.

मग मात्र पायलनं कुणाला विचारलं नाही. रिक्षा आणली आणि त्याला आत बसवलं. मथुराबाईही चढली, आणि दवाखान्याच्या दारापर्यंत एकच सांगत राहिली, "गाठ सोडू नगा म्हनावं."

डॉक्टर निवेदितांनी पहिल्यांदा पट्टीच कापली. खालचा हात लाकडासारखा कडक होता. कातडीवर फोड आले होते. बोटं हलत नव्हती.

"नाडी तर उडतीया, बाई," मथुराबाई म्हणाली.

"नाडी शेवटी जाते, आजी. मांसाभोवती चिवट पडदा असतो, तो ताणत नाही. मोडलं की आत सूज येते. त्यात वरून आवळून बांधलं, म्हणजे सुजेला जागाच नाही. आतला दाब वाढतो आणि बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात. मोठी चालू राहते, पण मांस उपाशी मरतं. दुखत होतं तेव्हाच आणायला हवं होतं. दुखायचं थांबलं, कारण नसा मेल्या."

लगेच ऑपरेशन केलं. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी आणि आतला पडदा चिरून हात उघडा ठेवला. वेळेत आलेल्या माणसाचा हात एवढ्यानं वाचतो, मागाहून जखम शिवून घेतात. अमृतचं मांस राखाडी पडलं होतं, चिमटा लावला तरी आक्रसत नव्हतं. पुन्हा पुन्हा आत नेऊन मेलेलं काढलं. तरी ताप चढला, लघवी काळपट झाली. तेव्हा निवेदिता म्हणाल्या की आता मूत्रपिंडं वाचवायची आहेत, हात काढावा लागेल.

अमृत मागावर काम करणारा. तुटलेला धागा तो बघता बघता जोडायचा. त्यानं आईकडं पाहिलं नाही. पायलला विचारलं, "काढल्यावर वाचतो का मी?"

"व्हय," ती म्हणाली.

"मग काढा म्हण."

हरिबा निरोप मिळताच आला. त्यानं एक्स-रे मागितला आणि खिडकीपुढं धरून बराच वेळ पाहिला.

"हाड तर सरळ बसलंय," तो म्हणाला.

"अगदी सरळ आहे," निवेदिता म्हणाल्या.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. गावातली बजाबाई होती. नातू झाडावरून पडला होता, हात मोडला होता, कामट्या काढून ठेवू का विचारत होती. फोनमधला आवाज शेजारी उभ्या मथुराबाईलाही ऐकू येत होता. मथुराबाईनं त्याच्या हातातून फोन घेतला.

"बजे, मी मथुरा. त्याला कायबी बांदू नगंस. गाडी कर आन् दवाखान्यात ने. न्हाय, हरिबा येणार न्हाय."

"अक्का," हरिबा म्हणाला, "आज्यापासनं आपण..."

"आज्याच्या हातचीबी किती माणसं लुळी झाली, कुणी मोजलीत?"

वॉर्डाचं दार उघडलं. हात काढायच्या ऑपरेशनला न्यायला अमृतला स्ट्रेचरवर बाहेर आणलं. हरिबा पुढं झाला आणि त्यानं स्ट्रेचरचा दांडा धरला. पायलनं हरिबाचा हात बाजूला केला, स्वतः दांडा धरला आणि चालू लागली.